पडद्यावरची दहावी

रुद्रेशअप्पा तीन दिवस पुण्याला जाऊन आले आणि त्यांना शिक्षण कळलं.

त्याआधी त्यांना धंदा कळत होता. केजच्या बसस्टँडसमोर त्यांचं खताचं दुकान होतं. देशात नवीन वारं आलं तसा त्यांनी दुकानाच्या कोपऱ्यात एसटीडी बूथ काढला, मग छतावर भली मोठी डिश बसवून निम्म्या गावाला केबल दिली. संध्याकाळी घराघरांत भाकरी गार होईपर्यंत लोक टीव्हीसमोरून हलेनात, तेव्हा अप्पांची पत एवढी वाढली की ते शिक्षणसंस्थेचे अध्यक्ष झाले. संस्थेची केजला एक मोठी शाळा होती आणि नेकनूरला एक लहान शाखा. दोन्हीपैकी कुठल्याही वर्गात अप्पा कधी पाच मिनिटं बसले नव्हते.

सन दोन हजारच्या जूनमध्ये त्यांनी सगळ्या शिक्षकांना स्टाफरूममध्ये बोलावलं.

"औंदा दहावी 'अ' ला पुस्तक न्हाई," ते म्हणाले. "समदं कॉम्प्युटरवर. धडा पडद्यावर येणार, पोरं वाचणार, झालं. पुस्तक म्हंजे आता रद्दी हाय. पुण्यात समदे हेच करायलेत."

मुख्याध्यापक बद्रीनाथ सरांनी मान हलवली. त्यांची निवृत्ती जवळ आली होती आणि उरलेली नोकरी मान हलवत काढायची, असं त्यांनी ठरवूनच टाकलं होतं. बाकीच्यांनी सरांकडे बघून मान हलवली. फक्त विज्ञान शिकवणाऱ्या सलिमा मॅडमनी विचारलं, "अप्पा, पुण्यात तुम्ही कुठली शाळा पाहिली?"

"शाळा कशाला बगायची? प्रदर्शन व्हतं."

"म्हणजे विकणाऱ्यानं सांगितलं."

"मालाची माहिती विकणाऱ्यालाच असती, मॅडम."

सलिमा नुसती नाकातून हसली. तिचं ते हसणं शाळेत सगळ्यांना ठाऊक होतं. त्याला घाबरून मुलं गृहपाठ करायची आणि शिक्षक तिच्यासमोर वर्तमानपत्रातल्या बातमीवर मत द्यायचं टाळायचे. तिचे वडील हबीब मिस्त्री घड्याळं दुरुस्त करायचे. लेकीला त्यांनी बीडला ठेवून बीएस्सी केलं आणि त्यांच्याकडूनच तिला उघडून बघितल्याशिवाय कशावर विश्वास न ठेवायची सवय लागली. वर्गात ती शुद्ध बोलायची, पण प्रश्न विचारताना मात्र हटकून "कावून?" म्हणायची. पानं हिरवी कावून? लोखंड गंजतं, पितळ न्हाई, कावून? पोरं पाठीमागं तिला कावून मॅडमच म्हणत.

जुलैत एका सोमवारी टेम्पोतून कॉम्प्युटर आले. त्यांच्यासाठी ग्रंथालयाची खोली रिकामी करण्यात आली, कारण शाळेत तेवढ्याच एका खोलीला धड खिडक्या होत्या. पुस्तकं पोत्यांत भरून प्रयोगशाळेच्या मागच्या पत्र्याच्या व्हरांड्यात टाकली गेली. खोलीला गुलाबी रंग दिला, दाराला "चपला बाहेर काढाव्यात" अशी पाटी लावली. ग्रंथालय असताना तिथं कुणी चपला काढल्याचं सलिमाला आठवत नव्हतं. पूजेच्या वेळी प्रत्येक यंत्रावर विभूतीचे तीन पट्टे ओढले गेले, वर बेलाचं पान ठेवलं गेलं. अप्पांनी नारळ फोडला त्याचं पाणी एका की-बोर्डवर उडालं आणि तो तिथल्या तिथं बंद पडला.

"शुभारंभालाच एक गेला," सलिमा बद्रीनाथ सरांना म्हणाली. सरांनी ऐकलंच नाही असं दाखवलं आणि प्रसाद घेतला.

'अ' तुकडीत कोण बसणार हे मार्कांवर ठरलं नाही. तिची फी वेगळी होती. ज्याच्या बापानं ती भरली, त्याचं पोर 'अ'. गावातल्या दुकानदारांची, डॉक्टरांची, कंत्राटदारांची मुलं भराभर त्या खोलीत गेली. आपली मुलं आता घाम न गाळता शिकणार याचा बापांना फार आनंद झाला होता. पोराला काय शिकवणार, हे फी भरताना एकानंही विचारलं नाही. सगळ्यांनी विचारलं ते एवढंच, की खोलीत एसी लागणार का.

सलिमाच्या स्वतःच्या घरातही हेच झालं. तिचा नवरा रईस याचं बसस्टँडजवळ फळांचं दुकान होतं आणि त्यांची एकुलती एक मुलगी जोया त्याच वर्षी दहावीत गेली होती. एका दुपारी जेवताना रईस म्हणाला, "जोयाचं नाव 'अ' मधी टाकून आलो."

"मला विचारलं न्हाई तुमी."

"विचारलं असतं तर तू न्हाई म्हणली असती. समदा बाजार बोलायलाय, पुस्तकाचं आता काई खरं न्हाई. मॅडमची पोरगी 'ब' मधी बसली तर लोक काय म्हणतील?"

"म्हणतील, तिला वाचता येतं."

रईस हात धुवायला उठला. जोया मात्र खुशीत होती. ती वर्गात कायम पहिली-दुसरी यायची, तिला सगळ्याच नव्या गोष्टींची ओढ होती, आणि आई सोडून दुसरं कुणीतरी आपल्याला विज्ञान शिकवणार याचं तिला बहुधा जरा बरंच वाटत होतं.

पहिले काही आठवडे ती रोज घरी येऊन सांगायची. पडद्यावर धडा खालून वर सरकतो. मागं बारीक संगीत वाजतं. अवघड शब्द लाल होतो. चित्रं हलतात. पुस्तकात जो धडा चार दिवस चालायचा तो इथं एका तासात संपतो. वीज गेली की मात्र सगळं थांबतं, आणि केजला वीज जायला वेळ-काळ लागत नव्हता. तेव्हा 'अ' तुकडी काळ्या पडद्यांसमोर हात मांडीवर ठेवून गुमान बसलेली सलिमाला व्हरांड्यातून दिसायची. पुस्तक उघडावं असं कुणाला सुचायचं नाही, कारण पुस्तक कुणाकडे नव्हतंच.

"अम्मी, एकदा बघितलं की डोक्यात बसतं," जोया एकदा म्हणाली.

"काय बसलं? सांग बरं."

जोयानं धडधड सांगितलं. झाडाच्या मुळांतून पाणी खोडात येतं, खोडातून पानांत जातं. वाक्यं अगदी धड्यातली होती.

"पण पाणी तर खाली जातं. झाडात वर कावून चढतं?"

"चढतं. निळा थेंब असा वर जातो." जोयानं बोट हवेत वर नेलं.

"कावून जातो?"

जोयाचं बोट हवेतच राहिलं. सलिमा हसली, तिच्या त्या ठरलेल्या पद्धतीनं. "तुझा बाप खजूर घेताना पेटी उघडून बघतो," ती म्हणाली. "तू झाकणावरचं चित्र बघून आलीस."

जोयाचा चेहरा उतरला. ती उठून आत गेली आणि त्यानंतर शाळेत काय झालं ते घरी सांगायचं तिनं हळूहळू बंद केलं. आईनं विचारलं की "समजलं" एवढंच म्हणायची. 'अ' तुकडीतलं प्रत्येक पोर तेच म्हणत होतं. सलिमा त्यांच्या वर्गावर प्रयोगाच्या तासाला जायची. "समजलं?" म्हटलं की सगळे हात वर. ते हात पाहून तिला मुलांची कीव यायची, मग कीव संपून नुसतीच चीड यायची, आणि चिडीत ती त्यांना आणखी एखादा टोमणा मारायची. कॉम्प्युटर शिकवायला आलेले सर तर यंत्र चालू करून दारात उभे राहायचे आणि तास संपला की बंद करायचे. त्यांनाही ती चांगलंच बोलायची.

दिवाळीनंतर अप्पांना जाहिरातीची घाई झाली. पुढच्या वर्षी नववीलाही यंत्रं आणायची होती. त्यांनी एक मोठा कार्यक्रम ठरवला, बीडहून एका सेवानिवृत्त प्राचार्यांना पाहुणे म्हणून बोलावलं, एका दैनिकाचा वार्ताहर सांगून ठेवला. कार्यक्रमात नेमकं काय दाखवायचं, यावर स्टाफरूममध्ये चर्चा चालली होती. कुणी म्हणालं स्वागतगीत, कुणी म्हणालं पडद्यावर संस्थेचा इतिहास.

"परीक्षा घेऊ," सलिमा म्हणाली.

सगळे तिच्याकडे वळले.

"पुस्तकात नसलेला नवा धडा. 'अ' नं पडद्यावर वाचायचा, 'ब' नं कागदावर. तोच धडा, तेवढाच वेळ. मग दोघांना एकच प्रश्नपत्रिका. पाहुण्यांसमोर."

बद्रीनाथ सरांची मान अर्ध्यातच थांबली. अप्पा मात्र हसले. "घ्या की. हून जाऊ द्या समोरासमोर. 'ब' मधी कोण हाय? खेड्यावरनं येणारी पोरं. एसटीत निम्मा जीव जातो त्यांचा."

धडा सलिमानं स्वतः लिहिला. दोन पानांचा, दोन विहिरींचा. पहिल्या पानावर मुरुमातून पाणी कसं मुरतं, खाली काळा खडक लागला की ते उताराच्या बाजूनं जमिनीखालूनच कसं चालत राहतं, हे होतं. दुसऱ्या पानावर एका शेतातला बंधारा होता, त्याच्या वरच्या अंगाला बऱ्याच लांब एक विहीर, खालच्या अंगाला एक. बीडच्या डीटीपीवाल्याकडून तिनं तो छापून घेतला आणि तीच अक्षरं पडद्यावर टाकून घेतली. प्रश्नपत्रिकेच्या वर तिनं एक रिकामी चौकट ठेवली होती. धडा वाचून झाल्यावर, प्रश्न बघायच्या आधी, आपल्याला वीसपैकी किती मार्क पडतील ते प्रत्येकानं त्यात लिहायचं. ही चौकट कशाला, असं बद्रीनाथ सरांनी विचारलं. "मला हौस," सलिमा म्हणाली.

त्या दिवशी अप्पांनी जनरेटर आणला होता, त्यामुळे विजेचा प्रश्न आला नाही. 'अ' तुकडीनं धडा झपाट्यानं वाचला. वेळ अर्धा संपला तोवर बरीच मुलं खुर्चीला पाठ टेकून बसली होती. जोयाही. शेजारच्या वर्गात 'ब' ची मुलं ओठ हलवत वाचत होती. पान उलटायची, परत मागं यायची, ओळीवर बोट ठेवून थांबायची. एकीनं समासात पेन्सिलीनं उतार काढला आणि त्यावर दोन गोल.

"ही मुलं फारच सावकाश वाचतात," प्राचार्य म्हणाले.

"जुनी पद्धत," अप्पा म्हणाले.

पेपर सलिमानं एकटीनं तपासले नाहीत. उद्या कुणी बोट दाखवू नये म्हणून बद्रीनाथ सरांना शेजारी बसवलं. खडक किती खोलीवर लागला, बंधारा कुठल्या साली बांधला, असल्या प्रश्नांत दोन्ही तुकड्या सारख्याच होत्या. पुढं प्रश्न होता, कुठल्या विहिरीचं पाणी वाढेल आणि का. ज्याला पहिलं पान दुसऱ्या पानाशी जोडता आलं, त्याला कळत होतं की पाणी उताराकडे चालतं, म्हणजे बंधाऱ्याच्या खालची विहीर. 'ब' मधल्या निम्म्याहून जास्त मुलांनी हे लिहिलं होतं, वाकड्यातिकड्या भाषेत, पण लिहिलं होतं. 'अ' च्या पेपरांत एकच वाक्य पुन्हा पुन्हा येत होतं: बंधारा पाणी अडवतो म्हणून दोन्ही विहिरींचं पाणी वाढेल. पुढचे सगळे असेच प्रश्न होते आणि सगळ्यांत 'अ' तुकडी आपटली होती.

आणि वरच्या चौकटीत त्यांनी अठरा, एकोणीस असे आकडे लिहिले होते. पडले होते नऊ-दहा. 'ब' नं भीत भीत दहा लिहिले होते, पडले होते चौदा.

जोयानं वीस लिहिले होते. तिला नऊ पडले.

सलिमानं तो पेपर बाजूला ठेवला नाही. इतरांच्या गठ्ठ्यात तो जिथं होता तिथंच ठेवून तिनं एका कागदावर सरासरी काढली आणि तो कागद मांडवाच्या मागं अप्पांच्या हातात दिला. पाहुणे चहा घेत होते. अप्पांनी कागद बराच वेळ पाहिला. अप्पा मूर्ख नव्हते, आणि हीच त्यांच्याबद्दलची सगळ्यात वाईट गोष्ट होती.

"हे काय?" त्यांनी एका आकड्यावर बोट ठेवलं.

"आपल्याला किती पडतील असं मुलांना वाटलं, ते."

"'अ' चं नव्वद टक्के?"

"वाटलं तेवढं. पडले निम्मे."

"आन् 'ब' ला किती वाटलं?"

"पन्नास टक्के."

अप्पांनी कागदाची घडी केली, खिशात घातली आणि ते माइककडे गेले. दुसऱ्या दिवशी दैनिकात तीन कॉलमी बातमी आली: संगणकामुळे ग्रामीण विद्यार्थ्यांचा आत्मविश्वास नव्वद टक्क्यांवर. खाली बारीक अक्षरांत, पारंपरिक पद्धतीनं शिकणाऱ्यांचा आत्मविश्वास केवळ पन्नास टक्के. एकही आकडा खोटा नव्हता. सेवानिवृत्त प्राचार्यांचं आत्मविश्वासावरचं भाषण बातमीत अर्धा कॉलम होतं. मार्क किती पडले हे मांडवात कुणी विचारलं नव्हतं. पालकांनी नाही, पाहुण्यांनी नाही, वार्ताहरानंही नाही. बद्रीनाथ सरांना ते माहीत होतं, पण त्यांना कुणी बोलायला सांगितलं नव्हतं.

सलिमानं ती बातमी रईसच्या दुकानात उभ्यानं वाचली. तेवढ्यात दोन गिऱ्हाइकांनी रईसला मुबारक म्हटलं होतं आणि त्यानं एकाला चिकूवर चिकू जास्त दिला होता.

"या गावाला फसवायला मेहनतसुद्धा लागत न्हाई," ती म्हणाली.

"हळू बोल," रईस म्हणाला.

संध्याकाळी जोया पेपर घेऊन घरी आली. तिनं दप्तर खाली ठेवलं नाही. "तू मुद्दाम असले प्रश्न काढलेस."

"हो."

"आमाला आपटवायला."

"तुला येतं की न्हाई ते बघायला. दुसऱ्या कशाला असते परीक्षा?"

जोयानं आईच्या पिशवीतून धड्याचे छापील कागद काढून घेतले आणि ती खाटेवर बसली. एकदा वाचून झाल्यावर ती दुसऱ्या पानावरून पहिल्यावर गेली, परत दुसऱ्यावर आली. असं तीन-चारदा झालं. सलिमा भाजी चिरता चिरता बघत होती.

"हे इथंच होतं," जोया शेवटी म्हणाली.

"पहिल्या पानावर."

"मी वाचलं होतं अम्मी, खरंच. पण बंधारा आला तोवर हे वर निघून गेलतं. तिथं मागं जाता येतं, पण जावंसंच वाटत न्हाई. सगळं पुढंच चाललेलं असतं, आन् आपल्याला वाटतं आपण बी चाललोय."

एवढं नेमकं आजवर तिला कुणीच सांगितलं नव्हतं, स्टाफरूममधल्या एकानंही नाही. ते सलिमाला त्याच क्षणी कळलंसुद्धा. पण टोमण्यांची सवय लागलेली जीभ तिच्या ताब्यात नव्हती.

"निळा थेंब," ती म्हणाली.

जोया कागद तिथंच टाकून उठली.

दुसऱ्या दिवशी ती कुणाला न विचारता 'ब' च्या वर्गात जाऊन मागच्या बाकावर बसली. कॉम्प्युटरच्या सरांनी बोलावलं तरी गेली नाही. दुपारपर्यंत बाजारात बोलणं झालं आणि तिसऱ्या दिवशी अप्पांनी सलिमाला दुकानात बोलावून घेतलं.

"पोरीला परत बसवा, मॅडम."

"मी उठवलं न्हाई तिला. ती मला विचारत बी न्हाई."

"लोक बगायलेत."

"बघू द्या. बघत बसायचं तर तुम्हीच शिकवलंय त्यांना."

आठवड्याच्या आत तिची नेकनूरच्या शाखेत बदली झाली. आदेशावर बद्रीनाथ सरांची सही होती, नेहमीप्रमाणे सुवाच्य.

नेकनूरला जाताना तिच्या मनात एक आशा होती. ही शाखा इतकी गरीब होती की तिथं यंत्रं यायला काही वर्षं तरी लागली असती. कागदावर वाचणारी मुलं भेटतील, असं तिला एसटीत बसल्या बसल्या वाटलं होतं. मुलं भेटली ती गाइडवाली. प्रत्येकाकडे बीडहून आणलेलं जाडजूड गाइड होतं, त्यात तयार उत्तरं होती आणि मुलं ती चालीवर म्हणत होती. तिनं लोखंड का गंजतं विचारलं, तर एका मुलानं उभं राहून "उत्तर चार" असं म्हणत सुरुवात केली. मधेच थांबवल्यावर त्याला पुन्हा पहिल्या शब्दापासून सुरू करावं लागलं. इथं पडदा नव्हता, वीजही फारशी नव्हती, आणि पोरांचे डोळे मात्र तेच होते, सरकत्या अक्षरांसमोर बसलेल्यांचे. म्हणजे नुसत्या कागदानंही काही होत नव्हतं. हे तिला मान्य करावं लागलं आणि ते तिला अजिबात आवडलं नाही.

तिनं सगळी गाइडं गोळा करून कपाटात कुलूपबंद केली. पालकांनी अप्पांकडे तक्रार केली. अप्पांना मजा वाटली असावी, कारण त्यांनी काहीच केलं नाही. मग ती मुलांकडून पाठ्यपुस्तकातला एकच परिच्छेद वाचून घ्यायची, पुस्तक मिटायला लावायची आणि म्हणायची, आता तुमच्या भाषेत सांगा. पहिला महिना वर्गात नुसती शांतता होती. संक्रांतीनंतर कधीतरी दोन मुलं एकमेकांशी उत्तरावरून भांडायला लागली. एक म्हणत होता मॅडमनी सांगितलं तसं, दुसरा म्हणत होता पुस्तकात तसं न्हाईच, हे बघ. सलिमानं त्यांना भांडू दिलं. त्या वर्षात तिला मनापासून बरं वाटलं ते त्या तासाला.

इकडे केजला जोयानं आणि 'ब' मधल्या चार-पाच मुलींनी व्हरांड्यातली पोती सोडली. उधईनं खाल्लेली पुस्तकं बाजूला काढली, उरलेली पुसून प्रयोगशाळेच्या खिडकीत रचली आणि सुट्टीत तिथं बसून वाचायला लागल्या. घरी ती आईशी कामापुरतं बोलायची. अभ्यासातलं काही विचारायची नाही. सलिमाही विचारायला जायची नाही. रईस दोघींच्या मधे बसून संत्री सोलायचा.

जूनमध्ये निकाल लागला. जोया शाळेत पहिली आली. 'अ' तुकडीचा निकाल यथातथाच होता आणि विज्ञानात तर बरीच मुलं कशीबशी काठावर पास झाली. एवढी यंत्रं आणून दिली तरी आमचं पोर हे असं, म्हणून बापांनी पोरांना धुतलं. यंत्रांना कुणी बोल लावला नाही.

त्यानंतर आठ-दहा दिवसांनी वर्तमानपत्रात घालून घरोघरी एक गुलाबी पत्रक आलं. 'नववी व दहावी संगणक वर्ग, प्रवेश सुरू.' मधोमध जोयाचा ओळखपत्रावरचा फोटो आणि खाली 'आमच्या संगणक वर्गाची गुणवंत विद्यार्थिनी.' रईसनं ते दुकानातल्या आरशाला लावलं. जोयानं ते ओढून काढलं आणि तशीच रस्ता ओलांडून अप्पांच्या दुकानात गेली. सलिमा नेकनूरच्या गाडीची वाट बघत स्टँडवर उभी होती. पोरगी तरातरा जाताना दिसली म्हणून ती मागोमाग गेली आणि दुकानाच्या पायरीखाली थांबली.

आत प्रवेशासाठी आलेले पाच-सहा पालक बाकावर बसले होते.

"अप्पा, ह्याच्यावरून माझा फोटो काढा," जोया म्हणाली.

"कावून गं? फी भरलती तुझ्या बापानं. सुरुवात तर तू तिथंच केलती."

"सुरुवात तिथंच केली. तिथं मला वीसपैकी नऊ पडले. मग मी उठून 'ब' मधी गेले." ती बाकावरच्या लोकांकडे वळली. "तुमी विचारा यांना, त्या परीक्षेत 'अ' ला किती पडले आन् 'ब' ला किती. वर्तमानपत्रात आलं ते न्हाई. पडलेले मार्क विचारा."

बाकावरचे लोक तिच्याकडे बघत राहिले. मग अप्पांकडे. अप्पांच्या चेहऱ्यावर क्षणभर काहीच नव्हतं, आणि मग ते कौतुकानं हसले.

"बगा," ते पालकांना म्हणाले. "पंधरा-सोळा वर्षांची पोरगी. मोठ्या माणसापुढं कशी बोलती बगा. हे आधी व्हतं का आपल्या पोरीत? आत्मविश्वास म्हंत्यात त्येला."

बाकावरची माणसं समाधानानं माना डोलवायला लागली. एकानं खिशातलं पेन काढलं. "आमच्या पोराला तर धड नाव सांगता येत न्हाई," तो म्हणाला आणि फॉर्म पुढ्यात ओढून लिहायला लागला.

जोयानं पत्रक मुठीत चुरगळलं. मग बाहेर आली. पायरीखाली आई उभी होती.

"तू आत कावून आली न्हाईस?"

"तू बोलत होतीस."

"त्यांना काहीच समजत न्हाई."

"न्हाई समजत."

दोघी स्टँडच्या बाकावर जाऊन बसल्या. जोयाच्या हातात पत्रकाचा चुरगळा होता, तो तिनं बाकाखाली टाकला. 

"तुझं बरोबर होतं, अम्मी," ती म्हणाली. "पण मला दिवाळीच्या आधीच कळलं होतं की आपल्याला काही समजत न्हाई म्हणून. वीस मी असंच लिहिले. सगळे लिहायलेते म्हणून."

"मग सांगायचं ना मला."

"तू हसली असतीस."

सलिमानं मान वळवून तिच्याकडे पाहिलं.   नेकनूरची गाडी लागली, कंडक्टरनं तिला ओळखून घंटी जरा थांबवली, पण ती उठली नाही आणि गाडी गेली.

"अकरावीला बीडला फिजिक्स लई अवघड असतं म्हणतात," जोया काही वेळानं म्हणाली. "मला ते गतीचं अजून नीट समजलं न्हाई. चालती गाडी एकदम थांबली की माणूस पुढं कावून पडतो ते."

"तुला काय वाटतं?"

जोया विचार करायला लागली. ती चुकीचं बोलली, मग स्वतःच थांबली, मग परत पहिल्यापासून सांगायला लागली. सलिमा काही न बोलता ऐकत होती. समोर अप्पांच्या दुकानात पेनवाल्याचं लिहून झालं होतं आणि त्यानं पेन शेजारच्याला दिलं होतं. सलिमाची नजर एकदा तिकडे गेली, त्या माणसांबद्दल तिला कालपर्यंत जे वाटत होतं तेच आजही वाटलं, आणि ती पुन्हा पोरीकडे वळून बसली.